कोर्दोबाचं स्तंभशीर्ष वाचायचं कसं?

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या जुन्या मशिदीत साडेआठशेच्या आसपास खांब आहेत. आत शिरणाऱ्याची नजर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानींवर जाते आणि तिथेच अडकते. फोटो निघतात, माणूस पुढे सरकतो. कमान आणि खांब यांच्यामध्ये बसवलेल्या कोरीव दगडाकडे, म्हणजे स्तंभशीर्षाकडे, फारसं कोणी बघत नाही. खरं तर इमारतीचा सगळा जमाखर्च तिथेच मांडलेला असतो. कोणी बांधली, कोणत्या काळात, दगड नवा घेतला की जुना वापरला, पाथरवटांना किती वेळ दिला, हे सगळं त्या हातभर दगडावरून बऱ्यापैकी सांगता येतं.

सुरुवातीच्या इस्लामी वास्तुकलेतली स्तंभशीर्षं जेरुसलेमपासून ट्युनिशियातल्या कैरुआनपर्यंत पसरलेली आहेत. तरी शिकायला कोर्दोबाच घ्यावं, असं माझं मत आहे. ७८५ च्या सुमारास सुरू झालेल्या या मशिदीत पुढची दोनशे वर्षं भर पडत गेली, आणि प्रत्येक राज्यकर्त्याने आधीचं पाडण्याऐवजी त्याला जोडून बांधलं. त्यामुळे एकाच छताखाली चार टप्पे सलग पाहता येतात. शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर मदीनत अल-झहरा या उजाड राजनगरीचे अवशेष आहेत, तिथे तारखा कोरलेली शीर्षं सापडली आहेत. ताडून पाहायला याहून चांगली सोय कुठे नाही.

पद्धतीचं मुख्य सूत्र एकच: नक्षी शेवटी पाहायची. आधी दगड बसवलाय कसा ते, मग हत्यार कसं चाललंय ते, मग अक्षरं, आणि त्यानंतर पानाफुलांचं कौतुक. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात आणि मग सगळी शीर्षं सारखीच दिसायला लागतात.

आधी आपण कुठे उभे आहोत ते नक्की करा

संत्र्यांच्या झाडांच्या अंगणातून आत आलात की तुम्ही उत्तर बाजूला असता आणि मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, समोर, दक्षिणेकडे. अंगणाला लागून असलेला पहिला भाग अब्द अल-रहमान पहिला याचा. त्यात दक्षिणेकडे जाणाऱ्या अकरा पडव्या आणि खांबांमधले बारा गाळे. त्याच्यापुढचे आठ गाळे अब्द अल-रहमान दुसरा याचे, ८३३ ते ८४८ या काळातले. मग मध्येच, मशिदीच्या पोटात नंतर बांधलेल्या ख्रिस्ती कॅथीड्रलचा उंच भाग लागतो. तो १५२३ नंतरचा आहे, आपल्या कामाचा नाही, तेव्हा वळसा घालून पुढे जा. त्यानंतरचे बारा गाळे अल-हकम दुसरा याचे, ९६२ नंतरचे, आणि याच्याच टोकाला मिहराब. डावीकडे, म्हणजे पूर्वेला, आठ पडव्यांची लांबच लांब भर आहे ती वझीर अल-मन्सूरची, ९८७ पासूनची.

खूण हरवली तर कमानींकडे बघा. जुन्या भागात कमानीचे लाल पट्टे खऱ्या विटांचे आहेत. अल-मन्सूरच्या भागात दगडावर लाल रंग दिलाय. लांबून फरक कळत नाही, जवळून लगेच कळतो.

सोबत आठ पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण असू द्या. फोनचा झूम दिवसभर चालवला तरी जे दिसत नाही ते तिच्यातून एका नजरेत दिसतं. टॉर्च लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

मग बैठक पाहा

खांबाचा वरचा गोल आणि शीर्षाचा खालचा गोल यांचा मेळ बसतो का? अब्द अल-रहमान पहिल्याच्या भागात कित्येक ठिकाणी बसत नाही. शीर्ष खांबाहून अंमळ रुंद असतं, नाहीतर खांबच जाडा असतो. शेजारच्या खांबाचा दगड वेगळा, जाडी वेगळी, एखादा पिळाचा, एखादा गुळगुळीत. याचा अर्थ हे सामान जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक (रोमनांनंतर स्पेनवर राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या) इमारतींमधून आणलेलं आहे.

लांबी जुळवण्यासाठी लांब खांब जमिनीत खोल गाडायचा, आखूड खांबाला खालून उचलायचं, आणि उरलेला फरक शीर्षावरच्या ठोकळ्यात जिरवायचा, अशी ती युक्ती. म्हणून नुसतं शीर्ष पाहून थांबू नका. त्याच्या डोक्यावरचा ठोकळाही पाहा, कारण कमानीचं आणि वरच्या चौकोनी खांबाचं वजन आधी त्याच्यावर येतं. ठोकळ्यांचे आकार शेजारीशेजारी बदलत असतील तर खाली जुनं सामान आहे असं धरून चला.

हीच नजर आपल्याकडेही चालते. दौलताबादच्या किल्ल्यातली १३१८ ची जामा मशीद जुन्या देवळांच्या खांबांवर उभी आहे, आणि तिथेही सांधे पाहिले की जुळवाजुळव दिसते. फरक शीर्षाच्या कामात आहे. आपल्या खांबाच्या माथ्यावर चारी दिशांना हात निघतात, कारण त्यांना आडवी दगडी तुळई पेलायची असते. कोर्दोबाच्या शीर्षाला कमान पेलायची आहे. खालचा गोल आणि वरचा चौकोन यांच्यामधली बदली त्याला करावी लागते, म्हणून ते खाली आवळलेलं आणि वर फाकलेलं असतं.

दोन घराणी ओळखा

दगडाचा प्रकार आणि वय ठरवण्याआधी घराणं ठरवा. दोनच आहेत, गोंधळ होत नाही.

पहिलं कोरिंथियन. खाली अकॅन्थस या भूमध्य समुद्राकाठच्या झाडाच्या कातरलेल्या पानांच्या दोन रांगा, त्यांच्यामधून वर निघालेले देठ, आणि ते देठ कोपऱ्यांशी जाऊन लहान वेटोळ्यांमध्ये संपतात. दुसरं मिश्र किंवा कंपोझिट. खालच्या पानांच्या रांगा तशाच, पण वर कोपऱ्यांत मोठी, ठसठशीत वेटोळी आणि त्यांच्यामधून आडवी जाणारी गोलसर पट्टी. तिच्यावर बहुधा अंडाकृती नक्षीची माळ असते. दुर्बीण लावा आणि एकच प्रश्न विचारा: वेटोळ्यांच्या मधोमध आडवी गोल पट्टी आहे का? असेल तर मिश्र, नसेल तर कोरिंथियन.

दोन्हींच्या माथ्यावर आत वळलेल्या कडांची चौकोनी पट्टी असते आणि प्रत्येक कडेच्या मधोमध एक उठाव, बहुतेकदा फुलाचा. हा उठाव लक्षात ठेवा, पुढे अक्षरं शोधायला तिथेच यायचं आहे.

टाकी आणि सामता

इथे वेळ घालवा. बाकी सगळं पुस्तकातून कळतं, हे डोळ्यांनीच शिकावं लागतं.

रोमन पान फुगलेलं असतं. त्याचं टोक बाहेर वाकून सुटं होतं, मधली शीर उंच, दोन्ही बाजू उतरत गेलेल्या. सावली हळूहळू गडद होते. पाथरवटाला झाडाचं पान माहीत आहे आणि ते दगडात आणायचं आहे, असं ते काम. पानांच्या फटींमध्ये सामत्याने, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराने, पाडलेली भोकं रोमन कामातही दिसतात, पण ती पानाच्या मदतीला असतात.

व्हिसिगॉथिक शीर्षात पान चपटं होतं. टाकी तिरकी धरून दोन बाजूंनी उतार द्यायचा, मधे धार राहू द्यायची, की झाली शीर. खोली कमी, आकृती भूमितीकडे झुकलेली, वेटोळी कधीकधी नुसती रेघांनी सुचवलेली. याला ओबडधोबड म्हणून हिणवायची जुनी सवय आहे. मला ती पटत नाही. त्या पाथरवटाला फुगीर पान करायचंच नव्हतं.

अब्द अल-रहमान दुसऱ्याच्या भागात जुन्या सामानाबरोबर काही शीर्षं नव्याने घडवलेली आहेत, आणि ती इतकी रोमन वळणाची आहेत की पहिल्या नजरेला फसायला होतं. पानाचं टोक वाकलेलं, देठ जागच्या जागी. रोमन नमुना समोर ठेवून मन लावून केलेला हा अभ्यास आहे. इथे सुटं शीर्ष पाहून निकाल देऊ नका. शेजारच्या जुन्या रोमन शीर्षाशी ताडून पाहा. नव्यात सगळं जरा जास्तच नीटनेटकं असतं, पानं एकाच मापाची, कडा कमी झिजलेल्या.

आणि मग दहावं शतक. मदीनत अल-झहराच्या शीर्षांसमोर उभं राहिलं की पान जवळपास नाहीसं झालेलं दिसतं. एक पान निवडा आणि दुर्बिणीतून कडेकडेने फिरा. पानाचा पुढचा पृष्ठभाग एका पातळीत आहे, त्याला फुगवटा नाही. पाकळ्यांच्या मधला दगड सामत्याने भोकं पाडून काढलाय. आधी ओळीने भोकं, मग भोकांमधल्या भिंती फोडून सलग चर. चराची भिंत जवळजवळ सरळ आत जाते, तळ दिसत नाही, तिथे काळोखच असतो. नक्षी मग दगडाच्या उठावाने दिसत नाही, काळ्या सावलीवर पांढऱ्या रेघांनी दिसते. काही ठिकाणी पानाचं टोक मूळ दगडाला बारीक दगडी पुलाने जोडून ठेवलेलं सापडतं, मोडू नये म्हणून. गोल भोकाची अर्धी कड चराच्या टोकाला तशीच राहिलेली दिसली तर समजा, सामता तिथे थांबला होता.

या प्रकाराला स्पॅनिशमध्ये ‘अविस्पेरो’, म्हणजे गांधीलमाश्यांचं पोळं, म्हणतात. नाव चपखल आहे. शीर्षाचा एकूण घाट मात्र मोडलेला नाही: दोन रांगा, वेटोळी, चौकोनी माथा सगळं जागेवर. उंची आणि माथ्याची रुंदी साधारण सारखी, त्यामुळे ते ठेंगणं, भरीव वाटतं. पुढे अकराव्या शतकात, खिलाफत फुटून छोटी राज्यं झाल्यावर, उदाहरणार्थ सारागोसाच्या अल्हाफेरिया महालात, शीर्षं उंच आणि सडपातळ होतात, नक्षी एकमेकीत गुंतत जाते. त्याहून पुढे ग्रॅनाडाच्या अलहम्ब्रात खालचा भाग गोल नळीसारखा आणि वरचा ठोकळ्यासारखा वेगळा पडतो. ठेंगणं आणि भोकाभोकांचं असेल तर दहावं शतक, हा पहिला अंदाज सहसा चुकत नाही.

दगडाकडेही लक्ष द्या. मदीनत अल-झहराच्या भिंती जवळपासच्या भुसभुशीत दगडाच्या आहेत. पण शीर्षांचा पांढरा संगमरवर मोठ्या प्रमाणावर आजच्या पोर्तुगालमधल्या एश्त्रेमोझ भागातून आला. इतकं खोल भोकांचं काम बारीक कणांच्या, एकजीव दगडातच निभतं. साध्या दगडात पहिल्याच फटक्याला पाकळी हातात यायची. दरबारी लेखकांच्या आधाराने अल-मक्करी हा इतिहासकार या नगरीत ४३०० हून अधिक खांब असल्याचं लिहितो. राजाच्या पदरी असलेल्यांच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. काम प्रचंड होतं एवढं नक्की.

कोरलेलंच नाही, त्याचं काय?

मदीनत अल-झहरा पाहून मशिदीतल्या अल-हकमच्या भागात गेलात तर धक्का बसतो. मिहराबच्या आसपासची काही सोडली तर शीर्षं चक्क गुळगुळीत. पानांचे आकार आहेत, पण पानांवर एकही रेघ नाही. वेटोळी आहेत, पण कोरी.

काम अर्धवट राहिलं, असं अनेकांना वाटतं. वाटण्याला कारण आहे, कारण कोरीव शीर्ष घडवताना आधी असाच कोरा आकार काढावा लागतो आणि नक्षी त्यावर नंतर येते. घाई होती, शेकडो शीर्षं लागत होती, म्हणून मधल्या टप्प्यावर थांबवली, हे स्पष्टीकरण सोयीचं आहे. पण याच अल-हकमने याच मशिदीत बायझंटाइन सम्राटाकडून मोझेइकचा कारागीर मागवला. इब्न इधारी या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे मोझेइकचे ३२० क्विंटल खडेही तिकडून आले. पैशाला किंवा हौसेला तोटा नव्हता.

आणि एक गोष्ट करून बघा. एका जागी उभे राहा आणि खांबांच्या दांड्यांचे रंग नोंदवा. गुलाबी, काळसर-निळा, गुलाबी, काळसर-निळा, असा क्रम लागतो. आता त्याच खांबांची शीर्षं बघा. गुलाबी दांड्यावर मिश्र, काळसर दांड्यावर कोरिंथियन. हा ताल पडवीभर चालतो आणि शेजारच्या पडवीशीही जुळवलेला असतो. हे सगळं मोजूनमापून ठरवलेलं आहे. इतक्या खांबांच्या गर्दीत दूरवर ओळखू यावं म्हणून घाट स्वच्छ ठेवला आणि श्रीमंती मिहराबसाठी राखून ठेवली, असं मला वाटतं. जुळवाजुळव करून भागवणाऱ्या पहिल्या अब्द अल-रहमानपासून इथवर पावणेदोनशे वर्षं लागली.

अल-मन्सूरच्या भागातही हीच कोरी शीर्षं पुढे चालवली आहेत. तिथे फार वेळ काढू नका. दांड्यांवर पाथरवटांनी खोदलेली आपली नावं आणि खुणा मात्र शोधा, खांद्याच्या उंचीपासून वर नजर फिरवली की सापडतात.

अक्षरं

मदीनत अल-झहराच्या कोरीव शीर्षांवर लेख असतात. जागा ठरलेल्या: माथ्यावरच्या पट्टीची कड, तिच्या मधोमधचा उठाव, नाहीतर वेटोळ्यांमधली आडवी पट्टी. लिपी कूफी, म्हणजे टोकदार, ताठ, कोनांची. अरबी येत नसली तरी तीन गोष्टी ओळखायला शिकता येतात आणि तेवढ्यावर बरंच काम होतं.

पहिली, उपाधी. ‘अमीर अल-मुमिनीन’ ही खलिफाची उपाधी आहे, आणि कोर्दोबाच्या राज्यकर्त्यांनी ती ९२९ पासून घेतली. त्यामुळे ती शीर्षावर असेल तर ते ९२९ च्या आधीचं असू शकत नाही. ‘अल-नासिर’ हा किताब असेल तर अब्द अल-रहमान तिसरा, कारकीर्द ९६१ पर्यंत. ‘अल-मुस्तन्सिर’ असेल तर अल-हकम दुसरा, ९६१ ते ९७६. ही दोन नावं कूफीत कशी दिसतात ते घरूनच कागदावर गिरवून न्या.

दुसरी, साल. ते शब्दांत लिहिलेलं असतं आणि हिजरी असतं. हिशोब सोपा: हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. मिहराबच्या कमानीच्या बुडाशी असलेल्या लेखात हिजरी ३५४ आहे. ३५४ गुणिले ०.९७ म्हणजे ३४३, अधिक ६२२, म्हणजे ९६५. वर्ष-सहा महिन्यांची चूक राहू शकते, कारण हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं.

तिसरी, ‘अमल’ हा शब्द. त्याच्यानंतर येणारं नाव कारागिराचं. बहुधा एकच शब्द, बापाचं नाव नाही, गाव नाही. राजाच्या पदरी असलेल्या गुलाम किंवा मुक्त केलेल्या माणसांची ही नावं आहेत. आपल्याकडे एवढ्या मोठ्या कामांवर पाथरवटाचं नाव क्वचितच मिळतं, म्हणून मला ही अक्षरं नक्षीपेक्षा मोलाची वाटतात.

हललेला दगड

शीर्षाचं वय म्हणजे इमारतीचं वय नव्हे. सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

मिहराबच्या कमानीखालचे चार छोटे खांब पाहा. मिहराब ९६५ चा, पण हे खांब आणि त्यांची शीर्षं अब्द अल-रहमान दुसऱ्याच्या, शतकभर जुन्या मिहराबमधून काढून इथे लावलेली आहेत. अल-हकमने ती मुद्दाम जपली. काटकसर म्हणावी तर जागा मशिदीतली सर्वांत मानाची आहे. बाजूच्या गुळगुळीत शीर्षांशी तुलना करा, नवव्या शतकातलं उत्तम काम लगेच उठून दिसतं.

मदीनत अल-झहरा १०१० च्या आसपासच्या यादवीत लुटली गेली आणि नंतर कित्येक शतकं तिचा दगड लोक नेत राहिले. सेव्हियाच्या गिराल्डा मनोऱ्याच्या खिडक्यांत खिलाफतकाळातली शीर्षं आहेत, मनोरा मात्र बाराव्या शतकाच्या शेवटचा. माराकेशच्या कुतुबिया मशिदीतही कोर्दोबाची शीर्षं पोचली. तेव्हा दहाव्या शतकातलं शीर्ष दिसलं की आधी बैठकीच्या पायरीवर परत या आणि ते तिथलंच आहे का ते तपासा. मशिदीत एकोणिसाव्या-विसाव्या शतकात मोठी डागडुजीही झाली आहे. कडा अगदी तीक्ष्ण, झीज शून्य, रंग शेजाऱ्यांहून वेगळा असेल तर शंका घ्या.

कोर्दोबाबाहेर ही पद्धत वापरताना थोडं जपून. जेरुसलेमच्या ‘डोम ऑफ द रॉक’ या घुमटातल्या (६९१-९२) किंवा कैरुआनच्या मोठ्या मशिदीतल्या (८३६ ची पुनर्बांधणी) शीर्षांत जुन्या सामानाचाच भरणा आहे, तिथे बैठकीची पायरी सर्वांत उपयोगी. सीरियातल्या रक्क्याची आठव्या शतकाच्या अखेरची अलाबास्टर या मऊ दगडाची शीर्षं मात्र मुद्दाम घडवलेली आहेत. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत (८७६-७९) तर शीर्षं दगडाची नाहीतच, विटांवर चुन्याच्या गिलाव्यात काढलेली आहेत. तिथे सामत्याच्या खुणा शोधत बसू नका.

नोंद कशी ठेवायची

एका दिवसात पाच शीर्षं पुरेत. प्रत्येकाचे चार बाजूंनी चार फोटो, त्याआधी खांब पायापासून कमानीपर्यंत दिसेल असा एक. प्रकाश बाजूने येत असेल तेव्हाच जवळचा फोटो काढा. समोरून उजेड पडला की दहाव्या शतकाची सगळी नक्षी सपाट दिसते. वहीत याच क्रमाने लिहा: जागा, दांड्याचा रंग, सांधा जुळतो की नाही, घराणं, पानाचा पृष्ठभाग फुगीर की सपाट, भोकांच्या खुणा, अक्षरं. तारीख सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलने.

मग एकच पान चितारा, तेही फक्त सावल्या काळ्या करून. रोमन पान असं निघत नाही, कारण त्याच्या सावलीला कड नसते. मदीनत अल-झहराचं पान पाच मिनिटांत निघतं.

कोर्दोबाला दोन दिवस मिळत असतील तर पहिल्या सकाळी मदीनत अल-झहराच्या पायथ्याचं संग्रहालय आणि मग अवशेष, दुसऱ्या दिवशी मशीद. उलटं केलंत तर कोरी शीर्षं अर्धवटच वाटत राहतील. कोणती दालनं उघडी आहेत ते जाण्याआधी तपासा, जीर्णोद्धाराची कामं वर्षानुवर्षं चालतात. शहराच्या पुरातत्त्व संग्रहालयात चार बाजूंना चार संगीतकार कोरलेलं एक शीर्ष आहे, चेहरे फोडलेले. माणसं कोरलेली म्हणून त्याच्यापुढे गर्दी असते, पण तुम्ही त्यांच्याभोवतीची पानं बघा.

स्पेनला जाणं जमत नसेल तर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही दोन्ही संग्रहालयं कोर्दोबाकडची शीर्षं बाळगून आहेत. तिथे ती डोळ्यांच्या पातळीला असतात, हा मोठाच फायदा. बैठकीची पायरी तिथे गळते, त्याऐवजी शीर्षाचा तळ आणि माथा पाहा. काचेभोवती फिरून माथ्यावरच्या पट्टीच्या चारी कडा वाचा, कारण लेख एकाच बाजूला असला आणि शीर्ष भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असलं तर तो सुटतो. घरबसल्या सराव करायचा तर मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळावरचे मोकळे फोटो उतरवून घ्या, तारखेची ओळ कागदाने झाका आणि पाच-सात शीर्षांचा काळ आधी स्वतः लावा.